दोन पाण्यांचे वय : मांजरा खोऱ्यातील एका गावाचा बोअर आणि ट्रिटियमची चाचणी

पार्श्वभूमी

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातील, मांजरा नदीच्या खोऱ्यातल्या एका गावाचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही व ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. गावच्या पाणीपुरवठा समितीने बोलावल्यामुळे मी या कामात सुरुवातीपासून होतो आणि पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी काही माझ्या स्वतःच्या आहेत.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे मराठवाड्यात कोणीही विसरलेले नाही. त्याच उन्हाळ्यात या गावाने ३८० फुटांचा सार्वजनिक बोअर घेतला. त्याआधी गावाचे पिण्याचे पाणी वेशीजवळच्या दगडी बांधणीच्या ४५ फूट खोल आडातून येत असे. बोअरला पाणी लागल्यावर आडाकडे लक्ष राहिले नाही, त्यात गाळ साचला आणि दोन वर्षांत त्याचा वापर जनावरांपुरता उरला. शिवारात उसाला पाणी देणारे खासगी बोअर होते, त्यांतला सर्वांत खोल ६२० फुटांचा होता.

या भागातील जमिनीखाली लाव्हाच्या थरांवर थर आहेत. वरची काळी माती आणि मुरूम संपला की फुटलेला, सच्छिद्र मांजऱ्या खडक लागतो आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या भागात साठते. त्याखाली ते केवळ भेगांमध्ये आणि दोन थरांमधल्या सांध्यांत सापडते, तेही सर्वत्र नाही. म्हणूनच एका शेतात ३०० फुटांवर तीन इंच पाणी लागते आणि शेजारच्या बांधापलीकडे ५०० फुटांपर्यंत नुसती धूळ उडते.

समस्या

२०१८ चा पाऊस मराठवाड्याला दगा देऊन गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये गावच्या बोअरची मोटार पाऊण तास चालली की पाणी तुटायचे आणि पुन्हा सुरू करण्यासाठी तीन तास थांबावे लागायचे. समितीने ७०० फुटांचा नवा बोअर घेण्याचे जवळजवळ ठरवले होते. पाणाड्याने जागा दाखवली होती, वर्गणीही सुरू झाली होती. राज्याच्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, हे ग्रामसेवकांनी बैठकीत सांगितले. परंतु घशाला कोरड पडलेली असताना गावाला कायदा ऐकवून काम थांबत नाही, हेही तितकेच खरे होते.

समितीतील एका माजी सैनिकांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला. आपण खाली जे पाणी शोधतो आहोत ते दर पावसाळ्यात भरणारे आहे, की एकदा उपसले की संपणारे आहे? ३८० फुटांचे पाणी तीन वर्षांत आटले, तर ७०० फुटांचे किती वर्षे टिकेल? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देता आले असते. मी ते तसे दिले नाही आणि ट्रिटियमची चाचणी सुचवली.

ट्रिटियम का

ट्रिटियम हे हायड्रोजनचेच एक रूप आहे. साध्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एकच प्रोटॉन असतो, ट्रिटियमच्या केंद्रात प्रोटॉनच्या जोडीला दोन न्यूट्रॉन असतात. ते केंद्र अस्थिर असल्यामुळे बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, बाहेर टाकून हीलियममध्ये बदलते. रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी १९३४ मध्ये केंब्रिजला ते प्रथम घडवले, आणि ते किरणोत्सर्गी असल्याचे १९३९ मध्ये अल्वारेझ आणि कॉर्नोग यांनी दाखवले. त्याचे अर्धायुष्य १२.३२ वर्षे आहे, म्हणजे आज शंभर अणू असतील तर साधारण बारा वर्षे चार महिन्यांनी पन्नास उरतात.

आमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ट्रिटियम पाण्यात विरघळलेले नसते, तर स्वतः पाण्याच्या रेणूचाच भाग असते. वातावरणाच्या वरच्या भागात विश्वकिरणांमुळे सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळून थोडे ट्रिटियम सतत तयार होत असते, ते ऑक्सिजनशी जोडले जाते आणि पावसातून खाली येते. पाणी जमिनीत मुरले की नवा पुरवठा थांबतो आणि असलेले ट्रिटियम घटू लागते. मुरल्या दिवसापासून सुरू झालेले हे घड्याळ वाचता आले, तर पाणी किती जुने आहे ते कळते. पाण्याचे वय असे काढता येईल, हे विलार्ड लिबी यांनी १९५० च्या दशकात दाखवले. १९५२ पासून झालेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी वातावरणात प्रचंड ट्रिटियम सोडले. १९६३ मध्ये त्याचे प्रमाण शिखराला पोहोचले आणि त्याच वर्षी वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाल्यावर ते उतरत गेले. ती घटना मानवजातीसाठी भयंकर होती, पण भूजलावर तिने एक खूण उमटवून ठेवली. १९५२ पूर्वी मुरलेल्या पाण्यात आज मोजण्याजोगे ट्रिटियम उरत नाही.

मोजण्याचे एककही सूक्ष्म आहे. एकावर अठरा शून्ये इतक्या हायड्रोजन अणूंमागे ट्रिटियमचा एक अणू असेल, तर ते एक ट्रिटियम एकक. इतके अल्प प्रमाण थेट मोजणे अवघड असल्यामुळे प्रयोगशाळेत नमुन्याचे विद्युत अपघटन करतात. हलका हायड्रोजन वायू होऊन आधी निघून जातो, जड ट्रिटियम मागे राहते आणि अर्धा लिटर पाण्यातील बहुतांश ट्रिटियम काही मिलिलिटरमध्ये गोळा होते. त्यानंतर ते पाणी चमकणाऱ्या द्रवात मिसळून त्यातील प्रकाशाचे ठिपके मोजतात.

विचारात घेतलेले पर्याय

समितीपुढे तेव्हा तीन वाटा होत्या. पहिली, ताबडतोब ७०० फुटांचा बोअर. दुसरी, टँकरवर उन्हाळा काढून प्रादेशिक नळयोजनेची वाट पाहणे. तिसरी, आडाचा गाळ काढून त्याच्या वरच्या बाजूला ओढ्यात पाणी मुरवणे आणि बोअर फक्त पिण्यासाठी राखणे. तिसरी वाट सर्वांना चांगली वाटत होती, पण तिच्यावर कोणाचा विश्वास नव्हता, कारण आडाचे पाणी आणि बोअरचे पाणी एकच आहे की वेगळे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. एकच असेल तर ओढ्यात मुरवलेल्या पाण्याचा बोअरला उपयोग झाला असता. वेगळे असेल तर बोअरचे भविष्य ओढ्यावरच्या बांधाने बदलणार नव्हते. चाचणीने सोडवायचा प्रश्न हाच होता, आणि तो इतक्या नेमक्या शब्दांत कागदावर लिहून घेतला हे आम्ही केलेले सर्वांत उपयोगी काम होते, असे मला आजही वाटते. निकाल येईपर्यंत नवा बोअर घ्यायचा नाही आणि टँकर सुरू ठेवायचे, असे ग्रामसभेत ठरले.

नमुने आणि पहिला निकाल

मे २०१९ मध्ये तीन नमुने घेतले. गावाकडची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीला होती, त्यामुळे पहाटे चारला बोअरवर जमावे लागले. अंधारात माजी सैनिक बाटली धरायला पुढे आले आणि त्यांच्या मनगटावर हिरवे ठिपके दिसले. बाराच्या जागी दोन, बाकीच्या आकड्यांवर एकेक, आणि काट्यांवर दोन बारीक रेघा. ते घड्याळ बॅटरीवर किंवा दिवसा साठवलेल्या उजेडावर चमकत नव्हते. काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांत ट्रिटियम वायू भरलेला असतो, नळीच्या आतील लेपावर त्याचे बीटा कण आदळतात आणि तो लेप वर्षानुवर्षे उजळत राहतो. बंद नळीतून माणसाला त्याचा धोका नसतो. आम्ही मात्र एका लिटर पाण्यात एका बेकेरेलपेक्षाही (सेकंदाला एक अणू फुटणे म्हणजे एक बेकेरेल) कमी ट्रिटियम शोधायला निघालो होतो आणि अशा घड्याळात ते कोट्यवधी बेकेरेल असते. नळीतून झिरपलेला एखादा अंशही नमुना बिघडवू शकतो, म्हणून नमुना घेताना असे घड्याळ किंवा होकायंत्र जवळ नसावे असा नियम आहे. मी त्यांना घड्याळ काढून दूर ठेवण्याची विनंती केली. त्यांनी ते लगेच गाडीच्या डिक्कीत ठेवले, गाडी रस्त्यापर्यंत मागे नेली, साबणाने हात धुतले आणि मगच परत आले.

तीन महिन्यांनी निकाल आला. आडाच्या पाण्यात ४.१ एकक, ६२० फुटांच्या खासगी बोअरच्या पाण्यात मोजमर्यादेपेक्षा कमी, म्हणजे अर्ध्या एककाच्याही खाली, आणि गावच्या ३८० फुटी बोअरमध्ये १.६ एकक.

पहिले दोन आकडे स्पष्ट होते. आडाचे पाणी अलीकडच्या पावसाचे होते. ६२० फुटांवरचे पाणी बॉम्बच्या चाचण्यांपूर्वी, म्हणजे किमान सदुसष्ट वर्षांपूर्वी मुरलेले होते. ग्रामसभेत हे सांगितल्यावर एका ज्येष्ठ शेतकऱ्यांनी विचारले, “म्हणजे आमच्या आज्याच्या वेळचं पाणी उसाला देऊ लागलो का आम्ही?” त्याचे उत्तर होय असेच होते.

१.६ या आकड्याचे दोन अर्थ

खरी अडचण तिसऱ्या आकड्याने केली. नव्या पावसात साधारण साडेचार एकक धरले, तर १.६ पर्यंत उतरायला दीड अर्धायुष्य लागते. त्या हिशेबाने बोअरचे पाणी अठरा-एकोणीस वर्षांचे ठरते. पण बोअरमध्ये दोन तृतीयांश अतिशय जुने आणि एक तृतीयांश कालपरवाचे पाणी मिसळले, तरी आकडा १.६ च्या आसपासच येतो. ट्रिटियम एकट्याने या दोन गोष्टींत फरक करू शकत नाही.

दोन अर्थांतून निघणारे निर्णय मात्र एकमेकांच्या विरुद्ध होते. पाणी खरोखर जवळपास वीस वर्षांचे असेल तर पावसाचे पाणी हळूहळू का होईना तिथवर पोहोचते, म्हणून आज ओढ्यात केलेले काम पुढच्या पिढीच्या कामी येईल. मिश्रण असेल तर बोअरचे मूळ पाणी भरून निघतच नाही, आणि वरून येणारा तिसरा हिस्सा कुठल्यातरी फटीतून घुसतो आहे. मी तेव्हा पहिल्या अर्थाकडे झुकलो होतो. तो मला सोपा वाटला आणि गावाला आशा देणारा होता, ही दोन्ही कारणे शास्त्रीय नव्हती. समितीच्या सचिवांनी आठवण करून दिली की पावसाच्या पाण्याचा नमुना आपण घेतलेलाच नाही आणि साडेचार हा आकडा आपण आडाच्या पाण्यावरून गृहीत धरला आहे. त्यांचे म्हणणे बरोबर होते, म्हणून दुसरी फेरी करायचे ठरले.

उन्हाळ्यात बोअर पाऊण तासाहून जास्त चालत नसल्याने सलग उपसा करून नमुने घेणे शक्य नव्हते. पावसाळा संपेपर्यंत थांबणे भाग पडले. या थांबण्याची किंमत गावाने मोजली. त्याच काळात ६२० फुटांच्या बोअरच्या मालकांनी आपला बोअर ८५० फुटांपर्यंत खोल केला आणि खालच्या २३० फुटांत धुळीशिवाय काही निघाले नाही.

एका शब्दाची अडचण

ट्रिटियम किरणोत्सर्गी आहे हे मी पहिल्याच बैठकीत सांगितले होते, पण किती, हे सांगितले नव्हते. निकाल आल्यावर गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी लिहिले की आडात अणुबॉम्बचा पदार्थ सापडला आहे. दोन दिवस लोकांनी आडाचे पाणी जनावरांनाही पाजले नाही. एका घरी बाळंतीण होती, तिच्यासाठी शेजारच्या गावातून जार मागवले गेले. हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण ती भीती टाळता येण्यासारखी होती.

तिसऱ्या दिवशी मंदिराच्या सभामंडपात बसून फळ्यावर हिशेब मांडला. एक ट्रिटियम एकक म्हणजे लिटरमागे सुमारे ०.१२ बेकेरेल, त्यामुळे आडाच्या पाण्यात लिटरमागे अर्ध्या बेकेरेलहून कमी. पिण्याच्या पाण्यातील ट्रिटियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी लिटरमागे १०,००० बेकेरेल आहे, म्हणजे आडाचे पाणी तिच्या वीस हजाराव्या भागाइतके. ट्रिटियमचा बीटा कण हवेत काही मिलिमीटरच जातो आणि कातडीही भेदू शकत नाही. पोटात गेलेले ट्रिटियम पाण्याबरोबर वावरते आणि साधारण दहा दिवसांत त्यातले निम्मे शरीराबाहेर पडते. अणुसंमीलनाच्या भट्टीसाठी इंधन म्हणून, जीवशास्त्राच्या प्रयोगात रेणूंचा माग काढण्यासाठी आणि विजेविना उजळणाऱ्या मार्गदर्शक पाट्यांत हाच पदार्थ वापरतात, हेही सांगितले. त्यानंतर माजी सैनिकांनी आपले घड्याळ सभेत फिरवले आणि मंडपातले दिवे काही क्षण बंद केले. मुलांनी ओंजळीत धरून ते पाहिले. दुसऱ्या दिवशी आडावर पुन्हा घागरी दिसल्या.

दुसरी फेरी आणि निर्णय

२०१९ चा परतीचा पाऊस जोरदार झाला. नोव्हेंबरमध्ये बोअर सलग सहा तास चालवला. सुरुवातीच्या दहा मिनिटांतील नमुन्यात २.९ एकक आले आणि सहाव्या तासाच्या नमुन्यात ०.७. उरलेल्या पावसाळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात ४.६ एकक होते. जवळपास वीस वर्षांचे एकसंध पाणी असते तर सहा तासांत आकडा असा कोसळला नसता. खतांमुळे आणि गोठ्यांमुळे वरच्या पाण्यात वाढणारे नायट्रेटही त्याच ओळीत उतरले. सुरुवातीला ते लिटरमागे ६१ मिलिग्रॅम होते, म्हणजे पिण्यासाठीच्या ४५ च्या मर्यादेबाहेर, आणि अखेरीस २८. शेवटी लातूरहून बोअरमध्ये सोडायचा कॅमेरा मागवला. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, ४० फुटांवर संपते तिथे, खडकाच्या कडेने, पाण्याची एक बारीक चकाकती रेघ सतत खाली ओघळताना पडद्यावर दिसली. केसिंग आणि खडक यांमधली पोकळी बोअर घेताना बुजवलीच नव्हती. अंगणातले आणि उकिरड्याजवळचे पाणी रात्रभर त्या वाटेने उतरायचे आणि सकाळी पहिल्या हंड्यात यायचे.

ती पोकळी बुजवायची की नाही, हा सर्वांत वादाचा निर्णय ठरला. बुजवली तर नायट्रेट थांबेल, पण वरून मिळणारे पाणीही बंद होईल. मोठी सभा झाली, आवाज चढले. लहान मुलांच्या आयांनी बुजवण्याच्या बाजूने ठाम भूमिका घेतली आणि डिसेंबरमध्ये सिमेंटने पोकळी बंद केली. त्याचबरोबर ७०० फुटांचा बोअर रद्द झाला. आडातील अकरा फूट गाळ काढला, त्याच्या वरच्या बाजूला ओढ्यात दोन छोटे बांध घातले आणि उकिरडे हलवले. पावसाळ्यापासून मार्चपर्यंत गाव आडाचे पाणी शुद्ध करून वापरेल आणि बोअर एप्रिल ते जून फक्त पिण्यासाठी चालेल, असे ठरले. आसपासच्या खासगी बोअरधारकांपैकी एक सोडून सर्वांनी उन्हाळ्यात उपसा कमी करण्याचे मान्य केले.

परिणाम

२०२० ते २०२२ ही वर्षे पावसाची चांगली गेल्याने व्यवस्थेची परीक्षा झाली नाही. ती २०२३ च्या तुटपुंज्या पावसानंतर झाली. २०१९ मध्ये टँकर फेब्रुवारीत आले होते, २०२४ मध्ये ते एप्रिलच्या अखेरीस लागले. दोन दुष्काळ सारखे नसतात, त्यामुळे हा सगळा फरक आमच्या कामाचा आहे असे मी म्हणणार नाही. नायट्रेट मात्र मर्यादेच्या आत राहिले, आणि ते श्रेय पोकळी बुजवण्याचेच आहे.

काय वेगळे करता आले असते

पावसाचा नमुना पहिल्या फेरीपासूनच गोळा करायला हवा होता. बोअरचे दोन नमुने, एक मोटार सुरू होताच आणि एक जितका वेळ पाणी टिकेल त्याच्या शेवटी, मे महिन्यातही पाऊण तासाच्या अंतराने घेता आले असते. फरक लहान दिसला असता, पण संशय सहा महिने आधी आला असता आणि कदाचित शेजारच्या शेतकऱ्याने आणखी २३० फुटांचा खर्च केला नसता. कॅमेरा हा सर्वांत स्वस्त तपास होता आणि आम्ही तो सर्वांत शेवटी केला.

आणखी एक चूक भाषेची होती. मी सभेत म्हणालो होतो की खालचे पाणी सत्तर वर्षांचे आहे. काही जणांनी त्याचा अर्थ ते आणखी सत्तर वर्षे पुरेल असा घेतला आणि एकाने त्या भरवशावर उसाचे क्षेत्र वाढवले. वय कळले म्हणजे साठा कळत नाही. साठ्यासाठी उपशाची चाचणी आणि पातळीच्या नोंदी लागतात, आणि ते पहिल्या दिवशी स्पष्ट सांगणे माझे काम होते.

त्या नोंदी आता माजी सैनिक दर सोमवारी ठेवतात. मे २०२४ मध्ये बोअरचा नमुना पुन्हा पाठवला, तेव्हा ट्रिटियम मोजमर्यादेच्या खाली आले. पोकळी नीट बंद झाल्याची ती खात्री होती, आणि बोअरमध्ये आता नवे पाणी येतच नाही याचीही. नोव्हेंबर २०१९ मध्ये १४० फुटांवर असलेली पातळी त्या मेमध्ये १७१ फुटांवर गेली होती, आणि २०२४ च्या चांगल्या पावसानंतर नोव्हेंबरमध्ये ती १५८ फुटांपर्यंतच परत आली.